पदवी एकाची, फेड दुसऱ्याची

धाराशिव जिल्ह्यात पोराच्या शिक्षणाला किती खर्च आला असं विचारलं, तर बाप रुपयांत सांगत नाही. ‘रस्त्याकडंचं दोन एकर गेलं,’ म्हणतो आणि गप्प बसतो. कळंबला विचारा, उमरग्याला विचारा, भूम-परंड्याच्या माळावर विचारा, हिशेब एकरांतच मिळतो. डी.एड.ला अर्धा एकर, बी.एड.ला आणखी तेवढंच, आणि मग एखाद्या संस्थेत ‘चिकटवायला’ उरलंसुरलं रान. मोठ्या पदवीसाठी कर्ज काढावं का, हा प्रश्न शहरात हप्ता आणि पगार शेजारी शेजारी मांडून सोडवता येतो. इथे तो तसा सुटत नाही, कारण कर्ज एकाच्या नावाने निघतं आणि फेडणारे भलतेच असतात. आपल्या जिल्ह्यात पदवीचं कर्ज न शिकलेली माणसं फेडतात, आणि त्यातही बायका जास्त फेडतात. हा अन्याय आपण सगळ्यांनी मिळून चालवला आहे आणि ‘पोरगं शिकवलं’ या अभिमानाच्या शब्दांखाली तो झाकला आहे.

कागदावर पाहिलं तर सोय चांगली आहे. २००१ पासून बँकांची आदर्श शैक्षणिक कर्ज योजना आहे. चार लाखांपर्यंत तारण लागत नाही. २०१५ मध्ये केंद्राचा हमी निधी आला, तेव्हापासून साडेसात लाखांपर्यंतही तारणाशिवाय कर्ज देता येतं. अभ्यासक्रम संपून वर्ष होईपर्यंत हप्त्याचा तगादा नाही. नोव्हेंबर २०२४ मध्ये पीएम विद्यालक्ष्मी योजना मंजूर झाली. तिच्यात ठरावीक उत्पन्नाखालच्या घरांना दहा लाखांपर्यंतच्या कर्जावर व्याजात तीन टक्क्यांची सवलत आहे. पण ती देशातल्या निवडक संस्थांपुरती. तालुक्याच्या गावी चार खोल्यांत चालणारं बी.एड. कॉलेज त्या यादीत येत नाही, आणि आपली बहुतेक पोरं शिकतात ती अशाच कॉलेजांत. त्यातूनही कुणी बँकेची पायरी चढला, तर बापाचं पीककर्ज आधीच थकलेलं असतं. साहेब सिबिल बघतो आणि ‘पुढच्या महिन्यात या’ म्हणतो. तो पुढचा महिना प्रवेशाची मुदत संपल्यावर येतो.

मग बाप सावकाराच्या ओट्यावर जातो. तिथे सिबिल लागत नाही, खरेदीखत लागतं. दर शेकडा तीन, म्हणजे वर्षाला छत्तीस टक्के. महाराष्ट्रात २०१४ पासून सावकारी नियमनाचा कायदा आहे, आणि परवाना असलेल्या सावकारालाही शेतकऱ्याकडून विनातारण कर्जावर वर्षाला १२ टक्क्यांच्या वर व्याज घेता येत नाही. हे बापाला कुणी सांगितलेलं नसतं. दोन लाखांना महिन्याला सहा हजार, वर्षाला बहात्तर हजार, नुसतं व्याज. आता त्याच्यासमोर सोयाबीन ठेवा. २०२४-२५ च्या हंगामात हमीभाव होता क्विंटलला ४,८९२ रुपये आणि बाजारात मिळत होते चार हजारांच्या आसपास. पाऊस वेळेवर झाला तर कोरडवाहू एकरात सात-आठ क्विंटल. दोन एकरांचं अख्खं सोयाबीन विकलं तरी वर्षाचं व्याज निघत नाही. बी, खत, फवारणी, काढणी, मळणी वेगळीच. आणि सप्टेंबर २०२५ मध्ये भूम-परंड्याने पाहिलं की पुरात पीक जातं ते जातंच, खालची मातीही जाते. असं रान तारण ठेवून आपण एम.ए., बी.एड. करतो.

एका तालुक्याच्या दुय्यम निबंधक कार्यालयात मी एक खरेदीखत होताना पाहिलं. वडिलोपार्जित जमीन, म्हणून मुलींच्या सह्या हव्या होत्या. थोरली सासरहून एसटीने आली होती, कडेवर पोर. दस्त लिहिणाऱ्याने कागदाच्या कडेला पेन्सिलीने फुल्या केल्या होत्या, तिथेच सही करायची. धाकटा भाऊ एम.ए. बी.एड., इस्त्रीच्या शर्टात भिंतीला टेकून उभा. ‘अक्का, कर की सही, बारक्याच्या ऑर्डरीचं काम हाय,’ चुलता म्हणाला. ती नववीपर्यंत शिकलेली. एकेक अक्षर जुळवत तिने सही केली, कॅमेऱ्यापुढे बसली, यंत्रावर अंगठा ठेवला. मग बापाला विचारलं, ‘अण्णा, आता किती ऱ्हायलं?’ अण्णांनी टोपी काढली, पुन्हा घातली, उत्तर दिलं नाही. ‘दहावीला बशीव म्हणलं तवा पैसं न्हवतं तुमच्याकडं,’ एवढंच ती म्हणाली. आवाजात राग नव्हता. बाहेर चहा आला, तो पुरुषांनी घेतला. ती पोराला पाणी पाजायला नळावर गेली.

१९९४ साली महाराष्ट्राने कायदा करून मुलीला वडिलोपार्जित मिळकतीत मुलाइतकाच वाटा दिला. २००५ मध्ये तोच हक्क देशभर लागू झाला. तेव्हा त्या दिवशी जे रान विकलं गेलं त्यात त्या बहिणीचाही वाटा होता. भावाच्या नेमणुकीच्या ऑर्डरीसाठी तिने आपली जमीन दिली, आणि त्या घरात कुणालाही हे दान वाटलं नाही, कर्ज तर नाहीच नाही. सही म्हणजे उपचार. बँकेचं एक रुपया कर्ज थकलं तर नोटीस येते. बहिणीचं एक एकर थकलं तर तिला वर्षाकाठी ओवाळणीत एक साडी येते, आणि तीही कौतुकाने दाखवायची असते.

१८८२ मध्ये जोतीराव फुले यांनी हंटर आयोगापुढे गाऱ्हाणं मांडलं की, शेतकरी घाम गाळून महसूल भरतो आणि तो पैसा वरच्या वर्गांच्या उच्च शिक्षणावर जातो. शेतकऱ्याच्या पोराला साधी प्राथमिक शाळा मिळत नाही. आपण फुल्यांची जयंती करतो, पुतळ्याला हार घालतो. त्यांनी सरकारवर ठेवलेला तो आरोप आज आपल्याच घराला जसाच्या तसा लागू पडतो. राबते बहीण, खुरपते आई, आणि खर्च होतो दादाच्या पदवीवर. फुल्यांना हे घर दाखवलं असतं तर त्यांनी कुणाच्या पाठीवर असूड ओढला असता, हे सांगायला नको.

बरं, एवढं देऊन पदवीने काय दिलं? १९८३ मध्ये वसंतदादा पाटील यांच्या सरकारने विनाअनुदानित अभियांत्रिकी महाविद्यालयांना दार उघडलं. ‘पैसे भरा आणि शिका’ ही वाट तिथून रुळली, आणि तिच्यावरून पुढे डी.एड., बी.एड.ची कॉलेजं खेड्यापाड्यांत शिरली. देणगी उकळायला मनाई करणारा कायदा १९८७ पासून आहे. तो वाचलेला पालक मला अजून भेटलेला नाही. शिक्षक किती लागणार याचा आणि कॉलेजांना परवानगी किती द्यायची याचा कुणी ताळमेळ घातला नाही. २००० पासून शिक्षणसेवक ही नवी जात जन्माला आली: प्राथमिक शाळेत महिना तीन हजार मानधन, तीन वर्षं. पुढे ते सहा हजार झालं आणि २०२३ मध्ये सोळा हजार. मे २०१२ मध्ये भरतीच थांबवली. कॉलेजं मात्र पदविका वाटत राहिली. २०१३ मध्ये टीईटी ही शिक्षक पात्रता परीक्षा आली, मग अभियोग्यता चाचणी आली, भरतीचं पवित्र पोर्टल आलं. २०२३ च्या चाचणीला दोन लाखांवर उमेदवार होते, २०२४ मध्ये जागा निघाल्या एकवीस हजारांच्या आसपास. मधल्या काळात २०१९-२० च्या टीईटीत गुण वाढवून दिल्याचा घोटाळा उघड झाला, त्यात साडेसात हजारांवर उमेदवार अडकले. त्यांच्यातल्या कित्येकांनी ते पैसेही रान विकूनच भरले असतील. गुन्हा तो गुन्हाच, पण पोराला तिथपर्यंत ढकलत नेणारे आपणच होतो.

मास्तरकी मिळेना म्हणून पोरं स्पर्धा परीक्षांकडे वळली. २०२३ ची तलाठी भरती: ४,६४४ जागा, दहा लाखांवर अर्ज. अर्जाची फी खुल्या प्रवर्गाला हजार रुपये, राखीव प्रवर्गाला नऊशे. कमीत कमी धरली तरी नव्वद कोटींच्या वर रक्कम बेकार पोरांच्या खिशातून गेली. २०२४ ला पोलीस भरतीत सतरा हजारांवर जागांसाठी सतरा लाखांवर अर्ज आले, त्यांत इंजिनिअर होते, एम.बी.ए. होते. एम.ए. झालेला मुलगा पहाटे सोलापूर रस्त्याच्या कडेने धावतो तेव्हा तो हुद्द्यासाठी धावतो असं आपल्याला वाटतं. खरं तर तो गावात परत जाऊन तोंड दाखवायची वेळ पुढे ढकलत असतो. कारण गाव त्याला विचारतं, ‘काय मग, लागलास का कुठं?’ आणि बापाच्या बरोबरीने पाभर धरली तर तेच गाव म्हणतं, ‘एवढं शिकून शेवटी ढेकळंच फोडायची होती तर रान कशाला इकलं?’ त्या पोराचं अर्धं ओझं कर्जाचं असतं, उरलेलं आपल्या जिभांचं.

आता संस्थेकडे वळू. अनुदानित शाळेत जागा निघाली की भाव फुटतो. पवित्र पोर्टलवरून गुणवत्तेने भरती व्हावी हा हेतू होता. पण खाजगी संस्थांना मुलाखतीचा पर्याय ठेवला, आणि मुलाखतीच्या बंद दाराआड काय विचारलं जातं हे शेंबड्या पोरालाही ठाऊक आहे. कॉलेजात तर नेट-सेट, पीएच.डी. झालेली माणसं तासिका तत्त्वावर वर्षानुवर्षं राबतात. तास झाला तर पैसे, सुट्टी लागली की पगार बंद, बिल निघायचं तेव्हा निघणार. धाराशिवला विद्यापीठाचा उपपरिसर २००४ मध्ये आला तेव्हा केवढा आनंद झाला होता, औरंगाबादची वारी टळली म्हणून. तिथून आणि आसपासच्या कॉलेजांतून एम.ए., एम.एस्सी. झालेला हुशार मुलगा आज चाळिशीला आला तरी बापाच्या किराणा उधारीवर जगतो. त्याच्याहून दुबळा, पण रान विकू शकलेला, कायम होतो. वर्गात बसलेल्या पोरांना मग कोण शिकवतं? ज्याने खुर्ची विकत घेतली तो. म्हणजे फेडणाऱ्यांच्या रांगेत त्या वर्गातली पोरंही आली.

याच जिल्ह्यातल्या लोहारा तालुक्यात हिप्परगा नावाचं गाव आहे. निजामाच्या राज्यात, १९२१ साली, तिथे राष्ट्रीय शाळा निघाली. पुढे स्वामी रामानंद तीर्थ तिथे शिकवायला आले. शिक्षक गावाच्या भाकरीवर राहून शिकवत. मराठवाड्याच्या मुक्तीची माणसं अशा शाळांत घडली. त्या मातीत आज शिक्षक व्हायला जमीन विकावी लागते, आणि तो पैसा घेणारे सतरा सप्टेंबरला झेंडा लावून त्याच स्वामीजींचं नाव घेतात. मला याची चीड येते, आणि वाचणाऱ्याला ती यावी अशी माझी इच्छा आहे.

पण संस्थाचालकाला शिव्या देऊन आपण सुटत नाही. त्याला दिलेले पैसे आपण कुठून काढतो? लग्नातून. ‘मुलगा अनुदानित शाळेवर आहे, मान्यता आलेली आहे,’ हे वाक्य स्थळाच्या बैठकीत कशासाठी उच्चारलं जातं ते सगळे जाणतात. संस्थेत भरलेले काढायचे असतात. मुलीचा बाप पान-सुपारीपुढे बसून ऐकतो, घरी जाऊन बांधावर उभा राहतो आणि त्याच्याही रस्त्याकडंचं दोन एकर जातं. नीट पाहा हा पैसा कसा फिरला: नवऱ्याकडच्या रानातून संस्थेत गेला, आणि संस्थेने रिकामी केलेली कणगी भरायला नवरीकडचं रान गेलं. एका नोकरीपायी दोन घरं भुईला मिळाली आणि एका बहिणीचा वाटा, एका नवरीच्या बापाचा घास तिसऱ्याच्या तिजोरीत गेला. हुंडाबंदीचा कायदा १९६१ चा आहे. साठ वर्षं उलटून गेली आणि आपण पदवीला हुंड्याचं दरपत्रक करून टाकलं. तीच नवरी स्वतः एम.ए. असली तरी तिच्या पदवीला बैठकीत मोल नाही. ‘शिकलेली पाहिजे’ ही अट असते, ‘शिकवायला लागलेला खर्च आम्ही देऊ’ असं म्हणणारा मुलाचा बाप अजून जन्माला यायचा आहे.

ज्यांच्याकडे विकायला रानच नाही, त्यांचं काय? वाशी, भूम, कळंब भागातले आईबाप मुकादमाकडून पुढच्या हंगामाची उचल घेतात आणि पोराची फी भरतात. मग सहा महिने ऊसतोडीचा कोयता. दलित, आदिवासी, भटक्या घरांतल्या पोरांना शिष्यवृत्ती एवढाच आधार, आणि ती वेळेवर येत नाही. तुळजापूरला टाटा समाजविज्ञान संस्थेचं केंद्र आहे, आपल्या जिल्ह्याचं भूषण. फेब्रुवारी २०१८ मध्ये त्या संस्थेच्या मुंबई, तुळजापूर, हैदराबाद, गुवाहाटी अशा सगळ्या केंद्रांवरच्या विद्यार्थ्यांनी संप केला. मागास घटकांतल्या विद्यार्थ्यांना वसतिगृह आणि खानावळीच्या शुल्कात असलेली सवलत काढून घेतली होती. आधी पैसे भरायचे, सरकारकडून आले की परत मिळतील, असा व्यवहार. ज्याच्या घरात आधी भरायला काही नाही त्यालाच ‘आधी भर’ म्हणायचं, याला शिक्षणाचा हक्क म्हणत नाहीत. स्वाधार योजनेत जिल्ह्याच्या ठिकाणी राहणाऱ्या विद्यार्थ्याला वर्षाला ४३ हजार रुपये मंजूर आहेत. ते वर्ष सरल्यावर हातात पडले तर मधले महिने त्याने काय खायचं, याचं उत्तर कुठल्याही शासन निर्णयात नाही. जुलै २०२४ मध्ये आठ लाखांच्या आत उत्पन्न असलेल्या घरांतल्या मुलींचं व्यावसायिक अभ्यासक्रमांचं शिक्षण शुल्क माफ झालं. चांगलं झालं. पण खोलीभाडं, खानावळ, जाण्यायेण्याचा खर्च घरावरच राहिला, आणि त्यापेक्षा मोठी अडचण ही की ज्या मराठवाड्यात सोळाव्या-सतराव्या वर्षी लेकीचं लग्न उरकलं जातं, तिथे ती माफी घ्यायला मुलगी कॉलेजपर्यंत पोचायला हवी.

हे सगळं वाचून ‘म्हणूनच म्हणतो, शिकून काय करायचंय’ असं म्हणणारा कुणी असेल तर त्याला माझा साफ विरोध आहे. १९१३ मध्ये भीमराव आंबेडकर कोलंबिया विद्यापीठात गेले ते सयाजीराव गायकवाडांच्या शिष्यवृत्तीवर, महिना साडेअकरा पौंड, तीन वर्षं. बदल्यात बडोदा संस्थानाची नोकरी करायची असा करार होता. त्या नोकरीत अस्पृश्यतेने त्यांना टिकू दिलं नाही, हा कलंक आपला. पण उच्च पदवीचा भार समाजाने उचलायचा आणि शिकलेल्याने तो समाजाला परत करायचा, ही रीत महाराष्ट्राला माहीत होती. शाहू महाराजांनी वसतिगृहं काढली, १९१७ मध्ये प्राथमिक शिक्षण सक्तीचं आणि मोफत केलं. भाऊराव पाटलांनी पोरांना कमवून शिकायला लावलं आणि श्रमाची लाज काढून टाकली. त्यांनी शिक्षण वाटलं. आपण ते विकायला काढलं आणि विकत घ्यायला रांग लावली. पदवी कर्जाच्या लायकीची आहे का? ज्या पदवीने खरी विद्या येते आणि जिचा भार सरकार उचलतं किंवा शिकणारा स्वतः सोसतो, ती आहे. बहिणीचं नाव सातबाऱ्यावरून पुसून मिळवलेली आणि नवरीच्या बापाकडून वसूल केलेली नाही, मग ती डॉक्टरेट का असेना.

तेव्हा बापांनो, प्रवेशाचे पैसे मोजण्याआधी कॉलेजच्या प्राचार्याला विचारा की गेल्या पाच तुकड्यांतले किती जण मान्यतेच्या पगारावर आहेत. उत्तर लेखी मागा. देत नसेल तर उठून या. ग्रामसभेत हा विषय घ्या, गावातल्या कोणत्या पदवीवर किती एकर गेलं आणि किती नोकऱ्या आल्या ते फळ्यावर लिहा. संस्थेने पैसे मागितले तर तोंड मिटून देऊ नका. सरकारी मदत घेणाऱ्या शिक्षणसंस्थेचे पदाधिकारी भ्रष्टाचार प्रतिबंधक कायद्याखाली लोकसेवकच धरले जातात. २०१८ च्या दुरुस्तीनंतर लाच देणाराही गुन्हेगार आहे. मात्र भाग पाडलं म्हणून दिली आणि सात दिवसांत कळवलं तर तो सुटतो. लाचलुचपत प्रतिबंधक विभागाचा क्रमांक १०६४. सावकाराने व्याजापोटी जमीन लिहून घेतली असेल तर जिल्हा उपनिबंधकाकडे अर्ज करा. पंधरा वर्षांच्या आतला व्यवहार असेल आणि सावकारीतला ठरला तर तो रद्द होऊन जमीन परत मिळू शकते.

आणि नोकरी लागलेल्या भावांनो, तुमच्याशी वेगळं बोलायचं आहे. तुमच्यासाठी विकलेल्या रानात बहिणीचा वाटा किती गुंठे होता ते फेरफार काढून बघा. आजच्या भावाने त्याची किंमत धरा. स्लॅब टाकायच्या आधी, चारचाकी घ्यायच्या आधी, आपल्या पोराला लातूरच्या क्लासला घालायच्या आधी ती रक्कम तिच्या स्वतःच्या बँक खात्यात महिन्याच्या महिन्याला भरायला सुरुवात करा आणि किती भरायची आहे ते तिला कागदावर लिहून द्या, सहीनिशी.